पात्र, स्मृती आणि प्रत : ‘लिटल कम्प्यूटर पीपल’च्या पाठाविषयी

१९८५ साली ॲक्टिव्हिजन या अमेरिकी कंपनीने कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी ‘लिटल कम्प्यूटर पीपल’ नावाचा एक खेळ बाजारात आणला. त्याला ‘खेळ’ म्हणताना अडखळायला होते. कारण त्यात जिंकणे नाही, हरणे नाही, गुणांची मोजदाद नाही आणि शेवटही नाही. संगणकीय खेळांच्या आजवर लिहिल्या गेलेल्या इतिहासांत त्याची नोंद बहुधा एखाद्या वाक्यापुरती असते, आणि ते वाक्य ठरलेले असते : विल राइट यांच्या ‘द सिम्स’ (२०००) या अतोनात खपलेल्या खेळाचा हा पूर्वज. राइट यांनी हे ऋण मान्यही केले आहे. त्यामुळे नोंद चुकीची आहे असे म्हणता येत नाही. परंतु एखाद्या कृतीला केवळ ‘पूर्वसूरी’ ठरवून मोकळे होणे म्हणजे तिच्यातले जे पुढे कोणी उचलले नाही ते सारे अदृश्य करणे होय. मराठी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला ही रीत नवी नाही. कादंबरीपूर्व गद्याचे आपण जे केले तेच येथेही झाले आहे. प्रस्तुत लेखात या कृतीकडे तिच्या वारसदारांकडून मागे न पाहता, ती ज्या स्वरूपात लोकांच्या हाती पडली त्या स्वरूपाकडून पाहावयाचे आहे. असे पाहिले की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते : या कृतीला नेहमीच्या अर्थाने एक संहिताच नाही, आणि तिच्यातील पात्राचे पात्रपण नेमके या अभावाशी निगडित आहे.

प्रथम कृतीचे वर्णन. खेळ सुरू केला की पडद्यावर एका तीनमजली घराचा उभा छेद दिसतो. बाहुल्यांच्या घराची समोरची भिंत काढून घ्यावी तसे सगळे दालनवार उघडे : स्वयंपाकघर, बैठक, निजण्याची खोली, जिने. घर रिकामे असते. थोड्या वेळाने दार उघडून एक माणूस आत येतो, घर हिंडून पाहतो, निघून जातो. आणि पसंत पडल्याप्रमाणे सामान व कुत्रा घेऊन परत येतो. त्यानंतर तो तेथे राहतो. स्वयंपाक करतो, दूरदर्शन पाहतो, वर्तमानपत्र वाचतो, पियानो वाजवतो, झोपतो. पाहणाऱ्याने त्याला अन्न, पाणी, कुत्र्याचे खाणे, पुस्तके, ध्वनिमुद्रिका पोहोचवायच्या. त्याला थोपटायचे, दूरध्वनी करायचा. कधी तो आपणहून पत्ते खेळायला किंवा अक्षरांची कोडी घालायला बोलावतो. कधी टंकयंत्रापुढे बसून पत्र लिहितो, आणि त्या पत्रातून त्याची मनःस्थिती व गरजा कळतात. दुर्लक्ष झाले तर तो आजारी पडतो, त्याचा चेहरा हिरवा होतो. मरत मात्र नाही. एवढेच. ६४ किलोबाइट स्मृती असलेल्या यंत्रात याहून फार काही मावणारही नव्हते. तरीही जे मावले ते थोडके नव्हे.

कल्पना मुळात रिच गोल्ड या कलावंताची. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत ‘पेट रॉक’ नावाचे एक फॅड आले होते : साधा दगड, खोक्यात घालून, ‘पाळीव’ म्हणून विकायचा. गोल्ड यांच्या डोक्यात त्याच धर्तीवरचा ‘पाळीव माणूस’ होता, आणि तो प्रामुख्याने पाहावयाचा होता, काचेच्या भांड्यातला मासा पाहावा तसा. या कल्पनेला देवाणघेवाणीची जोड दिली ती डेव्हिड क्रेन यांनी. क्रेन हे ‘पिटफॉल’ (१९८२) या गाजलेल्या खेळाचे कर्ते आणि ॲक्टिव्हिजनच्या संस्थापकांपैकी एक. येथे एका तपशिलाकडे लक्ष वेधायला हवे. ॲक्टिव्हिजनची स्थापना १९७९ मध्ये झाली ती अटारी या कंपनीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांच्या पुढाकाराने. आणि त्यांच्या तक्रारींपैकी एक अशी होती की खेळावर रचनाकाराचे नाव येत नाही. ग्रंथावर लेखकाचे नाव असते तसे खेळावर कर्त्याचे नाव असावे, हा आग्रह त्या संस्थेच्या जन्माशीच जोडलेला होता. कर्तृत्वाचा एवढा हट्ट धरणाऱ्या या मंडळींनी सहा वर्षांनी जी कृती प्रसिद्ध केली, ती मात्र आपल्याला कोणी कर्ता आहे हेच नाकारणारी निघाली.

कारण खोक्यावर ‘डिस्कव्हरी किट’, म्हणजे शोधसाहित्य, असे म्हटलेले होते. सोबतच्या पुस्तिकेची भाषा निर्मितीची नसून संशोधनाची आहे. संगणकांच्या आत चिमुकली माणसे पूर्वीपासूनच राहतात. एका संशोधक गटाला त्यांचा शोध लागला आहे. ही फ्लॉपी म्हणजे त्यांना बाहेर येऊन राहता यावे म्हणून पुरवलेले घर होय, असा तिचा गंभीर सूर शेवटपर्यंत ढळत नाही. ही युक्ती कादंबरीच्या वाचकाला परिचयाची आहे. सर्व्हान्तिसने ‘दोन किहोते’ची कथा एका अरबी इतिहासकाराच्या हस्तलिखितावर लोटली, ‘रॉबिन्सन क्रूसो’ची १७१९ ची पहिली आवृत्ती क्रूसोने स्वतः लिहिलेली म्हणून निघाली, डीफोचे नाव तिच्यावर नव्हते. नवा वाङ्मयप्रकार रुजत असताना कर्त्याने मागे सरायचे आणि कृतीला सापडलेल्या दस्तऐवजाचे रूप द्यायचे, ही रीत वारंवार आढळते. फरक असा की हस्तलिखिताच्या बतावणीत सापडते ती कथा. येथे सापडतो तो माणूस, कथेवाचून.

हे वेगळेपण समजण्यासाठी त्या काळातील सिम्युलेशन-खेळांची परंपरा थोडक्यात पाहू. घरगुती संगणक आले तेव्हा त्यांच्याबरोबर काही अनुरूप जगेही आली. ‘हॅमुराबी’ हा बेसिक भाषेतील खेळ सुमेरियाच्या राजाला धान्य, जमीन आणि प्रजा यांचा हिशेब सांभाळायला लावी. त्याचे मूळ १९६४ च्या ‘द सुमेरियन गेम’मध्ये आहे, आणि त्याची संहिता लिहिणाऱ्या मेबल ॲडिस या शाळेतील शिक्षिका होत्या. ब्रूस आर्टविक यांचे विमानोड्डाण, ख्रिस क्रॉफर्ड यांचा अणुभट्टीवरील ‘स्क्रॅम’ (१९८१), पुढे राइट यांचे ‘सिमसिटी’ (१९८९) : या साऱ्यांत एखाद्या व्यवस्थेचे गणिती प्रतिमान असते आणि खेळणाऱ्याने त्या व्यवस्थेवर हुकमत मिळवायची असते. वाचन तेथे नियम ओळखण्याच्या रूपाने घडते. ‘लिटल कम्प्यूटर पीपल’मध्ये मिळवण्याजोगी हुकमतच नाही. त्या घरात पैसा नाही, नोकरी नाही, भाडे नाही. वस्तू मागाव्यात आणि दाराशी याव्यात. मजुरीविना चालणारे हे मध्यमवर्गीय अमेरिकी घर पाहताना एखाद्या मार्क्सवादी समीक्षकाचे चित्त प्रसन्न होईल, आणि ते योग्यच होय; १९८५ च्या अमेरिकेत सुखवस्तू एकटेपण कसे कल्पिले जात होते याचा तो पुरावा आहे. पण अर्थव्यवहार वगळल्याने एक जागा मोकळी झाली. व्यवस्थेऐवजी व्यक्ती हा सिम्युलेशनचा विषय झाला.

व्यक्तीशी बोलावयाचे म्हणजे भाषा आली. खेळणारा टंकफलकावर साध्या इंग्रजीत विनंती लिहितो : पियानो वाजव, शेकोटी पेटव, पत्र लिही. रहिवासी ऐकेलच असे नाही. ‘प्लीज’ हा शब्द घातला तर ऐकण्याची शक्यता वाढते. या एका शब्दाने आज्ञावलीचे व्याकरण बदलून जाते. त्या काळी संगणकाला द्यावयाची प्रत्येक सूचना आज्ञार्थी होती आणि ती नाकारली गेली तर तो दोष लिहिणाऱ्याचा असे, व्याकरण चुकले म्हणून. येथे नकार हा चुकीचा परिणाम नसून इच्छेचा आविष्कार म्हणून वाचावा लागतो. (मराठीत हा खेळ झाला असता तर एक उपरा शब्द घालून भागले नसते. रहिवाशाला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’, हे पहिल्याच वाक्यात, क्रियापदाच्या रूपातच, ठरवावे लागले असते. आणि तो आपल्याला पत्रातून काय म्हणतो, यावर नात्याचा सारा तोल अवलंबून राहिला असता.) आज्ञा झुगारण्याची मुभा असलेले पात्र, ही गोष्ट नाट्यसंहितेतही सहज मिळत नाही.

पत्रांचे स्वरूप तपासले तर मात्र भ्रमनिरास होतो. ती साच्यातून निघतात. ठरावीक वाक्ये, रिकाम्या जागा, त्या भरणारी स्थिती : पोट भरले आहे की नाही, पुस्तके मिळाली की नाहीत. जोसेफ वायझेनबाउम यांच्या ‘एलायझा’ (१९६६) या प्रोग्रामची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. तीही साचेबंद उत्तरे देई. तरी, तो प्रोग्राम आहे हे ठाऊक असणाऱ्या त्यांच्या सेक्रेटरीने संभाषण सुरू असताना त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली, असे वायझेनबाउम यांनी नमूद केले आहे. त्या प्रसंगातून त्यांनी माणसाच्या भाबडेपणाविषयी चिंता व्यक्त केली. प्रस्तुत लेखकाला ती चिंता पूर्णतः पटत नाही. पत्राचा साचा ओळखणे आणि पत्र वाचणे या एकाच वाचकाच्या दोन कृती असू शकतात. आपल्याकडे शिरस्त्याचा मायना लिहिलेली पत्रे पिढ्यान्‌पिढ्या गहिवरून वाचली गेलीच आहेत. खरा प्रश्न वेगळा आहे. साच्यातील वाक्य कोणाचे वाक्य म्हणून वाचले जाते? ‘एलायझा’ला भूतकाळ नव्हता, संभाषण संपले की ती संपे. हा रहिवासी उद्याही तेथेच असतो.

आणि येथेच या कृतीच्या भौतिक इतिहासातील निर्णायक गोष्ट समोर येते. कमोडोर ६४ साठी ती दोन रूपांत विकली गेली : फ्लॉपीवर आणि कॅसेटवर. फ्लॉपीवर प्रोग्रामला लिहिता येत असे, म्हणून रहिवाशाची स्थिती तिच्यावर साठून राही. खेळ बंद करून दुसऱ्या दिवशी सुरू केला तरी तोच माणूस तेथे असे, आणि घरात राहावयास येण्याचा प्रसंग फक्त पहिल्या वेळी घडे. कॅसेटवरून खेळ चढवण्यास वेळ तर लागेच, पण तिच्यावर काही साठवले जात नसे. त्यामुळे प्रत्येक वेळी नवाच माणूस तयार होई. तो सामान घेऊन येत नसे. खेळ सुरू होताच तेथे असे. त्याला स्मृती नव्हती, त्याचे बोलणे अर्थपूर्ण नव्हते, आणि पत्त्यांचे डावही त्या रूपातून गाळलेले होते.

साहित्याच्या अभ्यासकाला असा प्रयोग क्वचितच आयता मिळतो. घर तेच, चालणे-फिरणे तेच, पियानो तोच. वजा केली ती मुख्यतः स्मृती. इ. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली सपाट आणि गोलाकार पात्रांचा जो भेद केला, त्यात गोलाकार पात्राची कसोटी अशी होती की ते पटेल अशा रीतीने चकित करू शकते. कॅसेटवरचा माणूसही चकित करतो. केव्हा काय करील सांगता येत नाही. परंतु ते चकित करणे पटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ज्याच्या तुलनेत पटावयाचे तो काल तेथे नाही. फ्लॉपीवरचा माणूस तितक्याच मोजक्या हालचाली करतो, पण आज तो पियानोपाशी बसला नाही तर ‘का बसला नाही?’ असा प्रश्न पडतो. म्हणजे पात्राची खोली त्याच्या वर्तनाच्या वैविध्यातून येते ही जी समजूत वास्तववादी कादंबरीच्या समीक्षेने आपल्या अंगी मुरवली आहे, तिला येथे आव्हान मिळते. वर्तन बऱ्याच अंशी समान असूनही एकाला आपण पात्र म्हणतो आणि दुसऱ्याला हलते चित्र. पात्रत्व वर्तनात नसून वर्तनांच्या मागे राहणाऱ्या संचितात असते, असे म्हणण्यास येथे आधार सापडतो.

आता संहितेचा प्रश्न. फ्लॉपीच्या प्रत्येक प्रतीवर वेगळा अनुक्रमांक नोंदलेला असे आणि त्यावरून रहिवाशाचे नाव व स्वभाव ठरत. म्हणजे दुकानातून शेजारीशेजारी विकत घेतलेल्या दोन प्रतींत दोन भिन्न माणसे. मुद्रणाचा सारा व्यवहार प्रती एकसारख्या असण्यावर उभा आहे. आपण ‘ही कादंबरी’ म्हणतो तेव्हा हातातली प्रत आणि दुसऱ्याच्या हातातली प्रत एकच आहे हे गृहीत धरतो. वर्गात पृष्ठ क्रमांक सांगता येतो तो त्यामुळे. येथे औद्योगिक उत्पादनाच्या साधनांनीच प्रत्येक प्रत निराळी केली. एस्पेन आर्सेट यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथात कृतीत साठवलेल्या चिन्हमालिका आणि वाचकासमोर प्रत्यक्ष उमटणाऱ्या चिन्हमालिका यांत भेद केला आहे. तो उपयुक्त आहे, परंतु येथे अपुरा पडतो. कारण साठवलेले तेवढे समान आणि उमटणारे भिन्न, अशी विभागणी या कृतीला लागू होत नाही. साठवणच प्रतीगणिक वेगळी आहे, आणि वाचनाने ती आणखी बदलत जाते. वाचून ठेवलेली प्रत न वाचलेल्या प्रतीसारखी राहत नाही.

मुद्रणपूर्व परंपरांशी ओळख असलेल्या आपल्यासारख्यांना हे तितके अपरिचित वाटू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ही पाठभेदांच्या मागे एक पूर्वज पाठ आहे, या विश्वासावर रचलेली आहे. ‘लीळाचरित्रा’च्या परंपरेची वृत्ती वेगळी. मूळ पोथी नाहीशी झाल्यावर स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला असे परंपरा सांगते, आणि स्मरणांतील भेद ‘वासना’ म्हणून नोंदले गेले. म्हणजे पाठभेद हा तेथे दोष नसून कोणाच्या तरी आठवणीची खूण असतो. या दुसऱ्या वृत्तीची भाषा आपल्या कृतीला अधिक जवळची आहे. मात्र साम्य फार ताणू नये. पोथ्यांच्या वासना एकाच घडून गेलेल्या लीळेविषयी असतात. फ्लॉपींच्या मागे घडून गेलेले असे काही नाही.

अनधिकृत नकलांनी या प्रश्नाला आणखी एक पीळ दिला. कमोडोरच्या जगात फ्लॉपींच्या नकला सर्रास होत. अनुक्रमांक नकलला गेला की माणूसही नकलला जाई. राहत्या घराची नक्कल केली तर तोवरचे संचितही तिच्यात जाई, आणि त्या क्षणापासून एका माणसाची दोन आयुष्ये दोन घरांत सुरू होत. प्रतींच्या वंशवृक्षात शाखा फुटतात हे पाठचिकित्सेला ठाऊक आहे. परंतु तेथे शाखा फुटते ती लेखनिकाच्या चुकीमुळे. येथे नक्कल बिनचूक झाली तरी शाखा फुटतेच, कारण दोन घरांत दोन वाचक आहेत.

पुढच्या इतिहासाने यातले काय घेतले ते आता दिसू शकते. स्क्वेअर या जपानी कंपनीने १९८७ मध्ये फॅमिकॉमच्या डिस्क यंत्रणेसाठी याचे रूपांतर काढले, त्यात रहिवासी मुलगी होती आणि कुत्र्याच्या जागी मांजर. मूळ खेळातील सारे रहिवासी पुरुष होते हे त्यामुळेच डोळ्यांत भरते. १९९६ च्या ‘तामागोची’ने दुर्लक्षाची परिणती मृत्यूपर्यंत नेली, म्हणजे कथेला अखेर शेवट दिला. ‘द सिम्स’ तयार होत असताना राइट यांना रिच गोल्ड यांचे अभिप्राय मिळाले होते. पण तेथे पात्रे खेळणाऱ्याने घडवावयाची असतात, त्यांना नोकऱ्या आहेत, पैसे आहेत, घराचे बांधकाम आहे. व्यवस्थेवरची हुकमत परत आली. ‘सापडलेला’ माणूस, जो आपण निवडला नाही आणि बदलूही शकत नाही, तो मात्र मागे राहिला. लोकप्रियतेच्या दृष्टीने राइट यांचा निर्णय अचूक होता यात शंका नाही. परंतु आपण न निवडलेल्या माणसाबरोबर राहणे हा जो नैतिक अनुभव मूळ कृतीत होता, तो तिच्याबरोबरच संपला, आणि त्याला ‘पूर्वज’ या शब्दात जागा नाही.

म्हणून जतनाचा प्रश्न येथे केवळ तांत्रिक उरत नाही. आज ही कृती वाचावयाची तर जुन्या फ्लॉपीची अंकीय प्रतिमा घेऊन ती कमोडोरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर चालवावी लागते. अशी प्रतिमा म्हणजे एका अनुक्रमांकाची एक प्रत, एक माणूस. उरलेल्या फ्लॉपींवरचे चुंबकीय थर झिजत आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांच्यावरचे रहिवासीही. ग्रंथालयात एखाद्या कादंबरीची एक प्रत राहिली तर कादंबरी वाचली असे म्हणता येते. येथे एका प्रतीचे जतन म्हणजे एका पिढीच्या शिरगणतीतून एकच नोंद ठेवण्यासारखे आहे. अभ्यासकाने त्या नोंदीवरून ‘या कृतीतील पात्राचा स्वभाव असा आहे’ असे विधान केले, तर ते दुसऱ्या प्रतीविषयी खोटे असू शकते. निदान आपण कोणती प्रत वाचली, ती आधी राहती होती की कोरी होती, हे सांगण्याची शिस्त तरी या क्षेत्रातील समीक्षेने अंगीकारायला हवी. आणि ते ओळखण्याची खूण फ्लॉपीने स्वतःच ठेवली आहे. प्रतिमा चालवावी, घर रिकामे दिसले आणि दार उघडून कोणी घर पाहावयास आला, तर प्रत कोरी. माणूस आधीच तेथे नांदताना आढळला, तर ती कोणाची तरी प्रत आहे, आणि कुत्र्याला काही काळ कोणीतरी खाणे पोहोचवलेले आहे.